शब्द माझे, खाली नाव ‘पारंपरिक’

पत्र थोडक्यात : हे वाचक सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितात. वय पन्नाशीपुढे. भजनी मंडळासाठी, जयंतीसाठी, यात्रेसाठी गाणी लिहायची त्यांना जुनी आवड आहे. २०१३च्या गड्डा यात्रेआधी, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेआधी, त्यांनी तिथे मिरवल्या जाणाऱ्या नंदीध्वजांवर, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांवर, एक गाणं लिहिलं. मंडळातल्या पेटीवाल्या मित्रानं त्याला चाल लावली. मंडळानं दोघांना शाल, नारळ आणि १,१०१ रुपयांचं पाकीट दिलं. तेव्हापासून दर संक्रांतीला ते गाणं म्हटलं जातं. गेल्या वर्षी त्यांच्याच गल्लीतल्या, त्यांना ‘काका’ म्हणणाऱ्या एका मुलीनं ते स्टुडिओत गाऊन यूट्यूबवर टाकलं. चार लाखांवर लोकांनी पाहिलं. खाली लिहिलंय, ‘गीत-संगीत : पारंपरिक’. आता पुण्याची एक कंपनी तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेणार आहे, म्हणजे त्याचं ‘कव्हर’ काढणार आहे, एक अंतरा बदलून. तिनं तीन पानी करार आणि पाच हजार रुपयांचा प्रस्ताव पाठवलाय. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, ‘कव्हरला तशी परवानगी लागतच नाही, आम्ही माणुसकी म्हणून देतोय.’ बायको म्हणते घेऊन टाका. मित्र म्हणतात पोलिसांत जा. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात गाणं मंडळाचं आहे. वाचक विचारतात : ‘ताई, गाणं तर मी तेव्हाच देऊन टाकलं होतं. देवाच्या गाण्याचे पैसे मागावेत का? आणि मागितले तर किती?’

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्राची सुरुवात ‘मला पैशाचा मोह नाही’ अशी आहे आणि शेवट ‘किती मागू?’ असा. यात ओशाळण्यासारखं काही नाही. आपल्याकडे गाणं लिहिणाऱ्यानं पैशाचं नाव काढायचं तर आधी आपण लोभी नाही हे पटवून द्यावं लागतं. मांडववाल्याला, साऊंडवाल्याला कुणी असलं प्रमाणपत्र मागत नाही. त्यामुळे मोहाचा विषय आपण इथेच सोडू आणि तुम्ही जे धरून चालला आहात ते एकेक करून तपासू. त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. काही ठिकाणी ते तुमच्या विरोधात चुकलंय, तर एक-दोन ठिकाणी तुमच्या बाजूनंही.

गाणं देऊन टाकलं, असं तुम्ही म्हणता. कुणाला दिलं? कागद कुठे आहे? कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गाण्याचे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी लागतं आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. कोणतं गाणं, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय, हे त्यात असावं लागतं. शाल, नारळ आणि पाकीट हा सत्कार झाला, खरेदीखत नव्हे. मंडळ तुमचं मालकही नव्हतं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या गाण्याचा नियम वेगळा आहे, तो इथे लागत नाही. म्हणजे शब्दांचे धनी आजही तुम्हीच आहात. अध्यक्षांशी मात्र यावरून वाद घालत बसू नका. मंडळानं हे गाणं दरवर्षी म्हणावं, त्याला माझी आनंदानं परवानगी आहे, असं एक साधं पत्र त्यांना लिहून द्या आणि पोच घ्या. त्यांचा मानही राहील आणि गाणं कुणाचं हेही त्याच कागदावर नोंदलं जाईल.

आता देवाच्या गाण्याचे पैसे मागावेत का, हा प्रश्न. कायद्यानं यातला अर्धा भाग परस्पर मिटवून टाकलाय. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हटलं किंवा वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही त्यातच धरले आहेत. तेव्हा यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जमलेल्या लोकांनी, काठ्यांबरोबर चालणाऱ्या भक्तांनी तुमचं गाणं म्हटलं, वरातीत बँडवाल्यानं वाजवलं, तर तिथे मागण्यासारखं काही नाही आणि तुम्हीही ते मागणार नाही. पण यात्रेच्या होम मैदानावरचा गडी भक्तीनं गातो ती एक गोष्ट आणि कंपनी त्याच गाण्याचा व्हिडिओ काढून जाहिरातीचं, स्ट्रीमिंगचं, कॉलर ट्यूनचं उत्पन्न घेते ती दुसरी. कंपनी त्या पैशातून कॅमेरावाल्याचं, संकलकाचं, ड्रोनवाल्याचं बिल भागवणारच आहे. देवाचं गाणं म्हणून फुकट द्यायचं, हा नियम मग एकट्या शब्द लिहिणाऱ्यालाच का?

एक गोष्ट तुमच्या बाजूनं चुकलीय म्हटलं, ती अशी. पत्रासोबत तुम्ही गाण्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, तो मी नीट वाचला. ध्रुवपदाचा निम्मा भाग म्हणजे ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा जयघोष आहे. तो तुमचा नाही, माझा नाही, कुणाचाच नाही. तो सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा आहे. उद्या दुसऱ्या कवीनं त्यावर वेगळं गाणं रचलं तर तुम्ही अडवू शकत नाही. मात्र त्याखालचे चार अंतरे तुमचे आहेत. पहिल्यात पहाटे बाराबंदी घालून तयार होणारा मुलगा, दुसऱ्यात अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, तिसऱ्यात गिरणीचा भोंगा बंद झाल्यावरही काठी पेलायला येणारा कामगार, चौथ्यात होम. ही मांडणी परंपरेनं केलेली नाही, तुम्ही केलीय. म्हणून खरी ओळ अशी व्हायला हवी : जयघोष पारंपरिक, गीत तुमचं नाव, संगीत तुमच्या मित्राचं नाव. परंपरेचा वाटा प्रामाणिकपणे परंपरेला दिलात की बाकीच्याबद्दल तुम्हाला ठामपणे बोलता येतं.

तिसरा अंतरा पुन्हा वाचला आणि कंपनीला नेमका तोच का बदलायचाय हेही लक्षात आलं. ‘सगळ्या महाराष्ट्रात चालेल असं काहीतरी’ हवंय त्यांना. माझं मत विचाराल तर गाणं तिथेच उभं आहे. बाकीचे तीन अंतरे यात्रा पाहिलेल्या दुसऱ्या कुणालाही सुचले असते, हा सोलापुरात राहिलेल्या माणसालाच सुचतो. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरसुद्धा आपल्या रचनेवर आपलं नाव मागण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. बदल करायचा की नाही हे तुम्ही ठरवा. करायचाच ठरला तर नवा अंतराही तुम्हीच लिहा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या.

आता ज्या माणसाला तुमच्या पत्रात एकच ओळ मिळालीय त्याच्याकडे वळते. ‘चाल लावणारा मित्र २०२१मध्ये वारला,’ एवढंच तुम्ही लिहिलंय आणि पुढे सगळं पत्रभर ‘माझं गाणं’ म्हटलंय. दादा, गाणं तुमचं एकट्याचं नाही. शब्द ही एक रचना, चाल ही दुसरी, आणि स्टुडिओत जे ध्वनिमुद्रण झालं ती तिसरी. तिघांचे हक्क वेगवेगळे. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे तुमच्या मित्राच्या चालीवर त्याच्या वारसांचा हक्क २०८१ सालच्या अखेरीपर्यंत आहे. त्याची बायको आणि मुलं सोलापुरातच आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना या चार लाखांबद्दल, पुण्याच्या कंपनीबद्दल कुणी सांगितलंय का? बहुधा नाही. पूर्वीची एखादी चाल त्यानं थोडी फिरवून घेतली असेल तर ते वेगळं, पण तुम्हीच लिहिताय की तो आठ दिवस पेटी घेऊन बसला होता. मग कंपनीशी बोलण्याआधी वहिनींच्या घरी जा. तुम्ही सही कराल ती फक्त शब्दांपुरती असेल. चालीसाठी त्यांची सही लागेल, आणि जे काही येईल त्यात शब्द आणि चाल यांचा वाटा निम्मा-निम्मा धरणं मला न्याय्य वाटतं. मुलीनं तुमचं नाव गाळलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलंय. तुमच्याकडून मित्राचं नाव गळू नये.

मुलीचं काय करायचं? पोलिसांत जाऊ नका. कायद्यात जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे हे खरं, आणि तुमच्या मित्रांनी ते कुठूनतरी वाचलेलं दिसतंय. पण लहानपणापासून यात्रेत ऐकलेलं गाणं जुनंच असणार असं एखाद्या पोरीला वाटलं, यात मला कट दिसत नाही. गाण्यावर नाव कुठेच नव्हतं. आपल्या संतांना हे चांगलं ठाऊक होतं; अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ असं नाव ओवलेलं असतं, ते काढायला गेलं तर चरणच मोडतो. तुम्ही तसं काही ओवलेलं नाही. पुढच्या गाण्यांत जमलं तर ओवा, अगदी जुन्या पद्धतीनं.

तिला घरी बोलवा किंवा तिच्या आईवडिलांसमोर बसून बोला. पहिली मागणी एकच ठेवा : व्हिडिओखालचा मजकूर आजच दुरुस्त कर. त्याला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. कुठल्या ऑनलाइन वितरकामार्फत तिनं गाणं इतर म्युझिक अॅपवरही टाकलं असेल तर तिथली गीतकार-संगीतकाराची माहितीही बदलून घ्यायला सांगा. हे काम क्षुल्लक वाटेल, पण पैसा त्याच नोंदीवरून वाट काढत येतो. नोंदीत ‘पारंपरिक’ असेल तर तुमच्या वाट्याचा रुपया तुमच्यापर्यंत पोचायला रस्ताच उरत नाही.

पैशाचं तिच्याशी बोलताना आधी वस्तुस्थिती बघा. चार लाख व्ह्यूज म्हणजे लाखो रुपये नव्हेत. चॅनेलला जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. तिचं चॅनेल तिथे उशिरा पोचलं असेल तर बहुतेक व्ह्यूज कोरडेच गेले असतील. तिला यूट्यूब स्टुडिओ उघडून उत्पन्नाचा आकडा दाखवायला सांगा. शंका म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. तुम्ही रोज हिशेबच लिहिता, तुम्हाला ते अवघड नाही. स्टुडिओचा आणि वादकांचा खर्च आधी वजा करा. जे उरेल त्यातलं निम्मं गाण्याला, म्हणजे तुम्हाला आणि वहिनींना, आणि निम्मं तिच्या गळ्याला आणि चॅनेलला. हा आकडा कायद्यातून आलेला नाही, माझ्या तारतम्यातून आलाय. तिचा आवाज नसता तर गाणं पुण्यापर्यंत पोचलं नसतं हे तुम्हीच म्हणता, आणि ते बरोबर आहे. गाणाऱ्याचेही स्वतंत्र हक्क कायद्यात आहेत. ती ऐकलीच नाही तर व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी यूट्यूबकडे करता येते. पण त्यानं तिच्या चॅनेलवर कॉपीराइटचा ठपका बसतो, म्हणून ते अगदी शेवटी.

आता कंपनी. ‘कव्हरला परवानगी लागत नाही’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकते. ते अर्धसत्यही नाही. कलम ३१सी मध्ये कव्हरची सोय आहे, पण ती कधी? मूळ गाण्याचं ध्वनिमुद्रण हक्कदाराच्या संमतीनं आधी झालेलं असलं पाहिजे. ते ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली असली पाहिजेत. मग आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबानं. कोणत्या भाषेत गाणं किती खपेल हे बघून ही किमान संख्या कमी ठरवता येते, ती मुभा कायद्यानं ठेवलीय. शिवाय ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या लागेल तेवढं सोडून शब्दांत बदल करता येत नाही. तुमच्या गाण्याचं संमतीनं झालेलं ध्वनिमुद्रण अजून एकही नाही. मुलीनं केलं ते विनापरवानगी, आणि पाच वर्षं तर लांबच. म्हणजे कंपनी जे ‘माणुसकी’ म्हणून देतेय ते तिला द्यावंच लागणार आहे. ही गोष्ट मनात ठेवून फोन उचला, आवाज आपोआप वेगळा निघेल.

करारातल्या ज्या ओळींच्या खाली तुम्ही पेन्सिलीनं रेघ मारलीय त्या बघते. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, सर्व जगात, कायमस्वरूपी हस्तांतरित’ आणि ‘भविष्यातील कोणत्याही रॉयल्टीवर हक्क सांगणार नाही’. दुसरी ओळ कायद्यापुढे टिकत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला देता येतो. गाणं चित्रपटातलं नसलं तरी हे लागू आहे, आणि हक्क घेणाऱ्याबरोबर तो वाटा समसमान असतो. ही दुरुस्ती सुखासुखी झालेली नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याचं पारडं जड केलं होतं. तिथून कायदा बदलायला पस्तीस वर्षं गेली. त्या काळात किती गीतकारांनी एकरकमी पाकिटावर सह्या केल्या असतील, त्याची गणती कोण ठेवणार?

ओळ टिकणार नसली तरी त्यावर सही करू नका. ती रद्दबातल आहे हे न्यायालयात सिद्ध करण्यात तुमची वर्षं जातील आणि पाच हजार वकिलाच्या पहिल्या दोन तारखांत संपतील. दुसरं म्हणजे हक्क हस्तांतरित करूच नका, परवाना द्या. शेत वाट्यानं कसायला देणं आणि सातबारा लिहून देणं यात जो फरक आहे तोच इथे आहे. परवाना या एका ध्वनिमुद्रणापुरता, तीन वर्षांसाठी, आणि तुम्हाला हेच गाणं दुसऱ्या कुणालाही देण्याची मोकळीक ठेवून. करारात मुदत लिहिलीच नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं, हेही माहीत असू द्या. कधीकधी कोरी जागा आपल्या फायद्याची असते, पण कंपन्या ती कोरी सोडत नाहीत. नाव कुठे कुठे येणार, शब्द बदलणार नाहीत, दर सहा महिन्यांनी उत्पन्नाचा हिशेब लेखी देणार, आणि वाद झाला तर कुठल्या न्यायालयात, एवढं त्यात मराठीत लिहून घ्या. न्यायालयाचा मुद्दा बारीक अक्षरात शेवटच्या पानावर असतो. हक्कभंगाचा दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावण्याची सोय कायद्यानं दिलीय, म्हणजे सोलापुरातच. करारात ‘फक्त पुणे’ असं छापलेलं असेल तर ते खोडायला सांगा. कागद वाचून घ्यायला वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा, पात्र लोकांना तिथे मोफत सल्ला मिळतो. आणि तोवर व्हॉट्सअॅपवर ‘ओके सर’ असं काही लिहू नका. तो होकारही उद्या परवानगी म्हणून पुढे केला जाऊ शकतो.

मग किती? अमेरिकेत या प्रश्नाला सरकारच उत्तर देतं. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी लावली की आपोआप वाजणारे पियानो तिथे आले, तेव्हा १९०८मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ती गुंडाळी म्हणजे गाण्याची प्रतच नव्हे, रचणाऱ्याला काही देणं लागत नाही. पुढच्याच वर्षी कायदा करून दर प्रतीमागे दोन सेंट ठरवले गेले. मग ते दोन सेंट १९७८पर्यंत दोन सेंटच राहिले. दोन महायुद्धं झाली, भाकरीचा भाव कुठल्या कुठे गेला, गीतकाराचा दर जागचा हलला नाही. २०२५मध्ये तो १२.७ सेंट होता. ही गोष्ट सांगण्याचं कारण एवढंच की एकदाच ठरलेली रक्कम, कुणीही ठरवलेली असो, लिहिणाऱ्याच्या विरोधात जात राहते. म्हणून पाच हजार हा आकडा कमी आहे की जास्त यावर मी डोकं खपवणार नाही. ते पाच हजार आगाऊ म्हणून घ्या, वरचा वाटा वेगळा. कंपनीला विचारा, गायकाला किती, वाद्यमेळ बांधणाऱ्या अरेंजरला किती, ड्रोनला किती? शब्द आणि चाल मिळून आगाऊ रक्कम निदान अरेंजरइतकी असावी, असं म्हणायला तुम्हाला कसलीच अडचण नाही. ते नाही म्हणाले तर गाणं तुमच्याकडे राहतं. जानेवारी दरवर्षी येतो.

हे सगळं करताना पुरावा गोळा करायला लागा. २०१३ची वही, मंडळाच्या कार्यक्रमपत्रिका, जुन्या मोबाइलमधली रेकॉर्डिंग, तेव्हा हजर असलेल्या दोघातिघांची लेखी निवेदनं. कॉपीराइट लिहिता क्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी असली की समोरचा जरा सरळ बोलतो. कॉपीराइट ऑफिसच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. शब्दांच्या रचनेला ५०० रुपये, चालीचा अर्ज वेगळा, तेवढ्याच फीचा, तो मित्राच्या वारसांनी करायचा. अर्जानंतर कुणाच्या हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं. ध्वनिमुद्रणाची फी २,००० आहे, पण ते तुमचं काम नाही.

आणि आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासूनची संस्था. बदललेल्या कायद्याखाली २०१७ साली तिची पुन्हा नोंदणी झाली. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक तिचे सभासद असतात. रेडिओ, कार्यक्रम, स्ट्रीमिंग अशा ठिकाणांहून ती रॉयल्टी गोळा करून वाटते. मुंबईतल्या चित्रपटवाल्यांसाठीच ती आहे असा आपल्याकडे समज आहे, तसं नाही. मृत सभासदांचे वारसही त्यात हक्क सांगू शकतात, म्हणून वहिनींनाही चौकशी करायला सांगा. फक्त एक ध्यानात ठेवा : संस्थेला दिलेले हक्क आणि कंपनीच्या करारात दिलेले हक्क एकमेकांवर आपटू नयेत. करारात ‘गीतकाराचा कॉपीराइट संस्थेमार्फत मिळणारा वाटा अबाधित राहील’ हे वाक्य घालून घ्या. यातून दर महिन्याला घर चालेल असं स्वप्न मी दाखवत नाही. पहिल्या वर्षी कदाचित बँकेचा एसएमएस पाहून हसू येईल अशी रक्कम येईल. पण ती तुमच्या नावानं येईल, आणि तुमच्या वहीत अजून साठ-सत्तर गाणी आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या पत्नी ‘घेऊन टाका’ म्हणतात, त्यामागे कदाचित एवढंच असेल की इतक्या वर्षांत या गाण्यांचे कुणी पहिल्यांदाच पैसे देऊ केलेत. त्यांना हा करार वाचायला द्या. हिशेब तुम्ही लिहीत असाल, पण घासाघीस बहुधा त्या जास्त चांगली करतील.

हे सदर वाचणाऱ्या गायक मुलामुलींनाही यानिमित्तानं एक विनंती. गड्ड्यातलं, जयंतीतलं, वारीतलं एखादं गाणं आवडलं आणि रेकॉर्ड करावंसं वाटलं तर आधी मंडळातल्या चार म्हाताऱ्यांना विचारा, हे कुणी लिहिलं. सोलापुरात बऱ्याचदा तो माणूस दोन गल्ल्या सोडून राहत असतो, आणि विचारायला आलेल्या पोराला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. विचारून, शोधूनही नाव मिळालं नाही, तरच ‘पारंपरिक’ लिहा.

दादा, कंपनीचा पुढचा फोन आला तर एवढंच सांगा : ‘दुरुस्तीची यादी ईमेलनं पाठवतो, चालीसाठी दुसऱ्या घरची सही लागेल, महिनाभर वेळ द्या.’ महिना नको म्हणाले तर घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.